रिकामा मकबरा

श्रोतेहो, नमस्कार.

खुलदाबादच्या मातीत किती सत्ताधीश निजलेत बघा. औरंगजेब तिथं, मलिक अंबर तिथं, हैदराबादचा पहिला निजामही तिथंच. माझे पाय मात्र अडखळतात ते एका रिकाम्या मकबऱ्यापाशी. तुर्कस्तानानं १९२४ साली खिलाफत मोडीत काढली आणि शेवटचे खलिफा अब्दुल मजीद यांना देशाबाहेर घालवलं. १९३१ साली त्यांची मुलगी दुर्रुशेहवार सातव्या निजामाची थोरली सून झाली. या व्याह्यांसाठी बांधलेला हा मकबरा. खलिफा १९४४ साली पॅरिसमध्ये वारले, दहा वर्षं त्यांचं शव तिथल्या मशिदीत राहिलं, शेवटी मदिनेत माती मिळाली. तोवर मकबरा बांधणाऱ्याचं राज्यही गेलं होतं.

ते गेलं पाच दिवसांत. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताच्या फौजा शिरल्या आणि १७ तारखेला निजामानं शस्त्रं खाली ठेवल्याचं रेडिओवरूनच सांगितलं. आमच्याकडची म्हातारी माणसं याला अजून ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतात. त्याआधी निजामाविरुद्ध लढा उभारणाऱ्या स्वामी रामानंद तीर्थांच्या मागं कितीतरी पोरं घरदार सोडून तुरुंगात गेली, त्यांच्याशिवाय हे पाच दिवस उगवलेच नसते. रझाकारांनी, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांनी, गावं जाळली, आणि नंतर कितीतरी निरपराध मुसलमान शेजारीही मारले गेले. गादी एकाची होती, भोगलं मात्र दोन्हीकडच्या गरिबांनी. हे १७ सप्टेंबरच्या झेंडावंदनात बोललं जात नाही, याचं मला वाईट वाटतं.

पुढं १९४९ मध्ये जहागिऱ्या गेल्या, १९७१ मध्ये देशभरातल्या संस्थानिकांचे तनखे बंद झाले. कागदावर राजा संपला.

आमच्या आजोबांच्या अंगातून मात्र तो निघत नव्हता. आमचं गाव सर्फेखासातलं, म्हणजे निजामाच्या खाजगी मालकीचं. वेठ म्हणजे काय ते आजोबांनी पाठीवर अनुभवलेलं. साहेबाचा घोडा दिसला की रस्ता सोडून काट्यात उभं राहायचं, असं ते सांगायचे. सांगताना आवाज बारीक व्हायचा, जणू भिंतीपलीकडं कुणी ऐकतंय. तोंडात कायम ‘मायबाप सरकार’.

मी शाळेत असताना फेरफाराच्या कामाला त्यांच्याबरोबर तहसिलीत गेलो होतो. निवडून दिलेलं सरकार येऊन तीस वर्षं होत आली होती. आजोबांनी बाहेरच्या पायरीखाली वहाणा काढल्या, टाच टाचेला लावून नीट ठेवल्या, मुंडासं सारखं केलं. आत टेबलाशी एक तरुण बाई बसल्या होत्या. त्यांनी वर बघितलं आणि म्हणाल्या, “बाबा, वहाणा घालून या की. फरशी गार आहे.”

आजोबा परत पायरीपर्यंत गेले. बराच वेळ वहाणांकडं बघत उभे राहिले. मग वाकून त्या उचलल्या आणि हातात घेऊन आत आले.