ठिपका दिसला, तर आधी बघत बसा

श्रोतेहो, नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या शेजारची सातवीतली मुलगी संध्याकाळी दारात उभी राहिली. हातात आईचा फोन, चेहरा रडवेला. "काकू, आमच्या गोल्डफिशला कांजिण्या झाल्यात." फोनवर फोटो होता. नारंगी मासा, आणि त्याच्या कल्ल्यांच्या झाकणावर रव्याचे दाणे चिकटवावेत तसे पांढरे ठिपके. दुकानातून मेथिलिन ब्लू या औषधाची बाटलीही आणून झाली होती. किती थेंब टाकायचे, एवढंच तिला माझ्याकडून हवं होतं.

मी म्हटलं, "थेंबांचं नंतर बघू. आधी मला मासा दाखव."

आम्ही दोघी त्यांच्या टाकीसमोर जमिनीवर बसलो. चांगली वीस मिनिटं बसलो. ठिपके फक्त कल्ल्यांच्या झाकणांवर होते आणि छातीजवळच्या परांच्या पुढच्या कडेवर, ओळीनं मांडल्यासारखे, सगळे जवळजवळ एकाच आकाराचे. पाठ स्वच्छ, शेपटी स्वच्छ. मासा दगडाला अंग घासत नव्हता. दाणा टाकला तर धावत आला. आणि टाकीतल्या दुसऱ्या, अंड्यांनी पोट भरलेल्या मादीच्या मागे तो सारखा लागला होता, तिच्या पोटाला ढुशा देत होता. तो आजारी नव्हताच. तो वयात आलेला नर होता. विणीच्या दिवसांत गोल्डफिशच्या नराला असे खरखरीत दाणे येतात आणि दिवस सरले की जातात. सगळ्याच नरांना येतात असंही नाही, म्हणून पहिल्यांदा पाहणारा घाबरतो.

हे मी आज शांतपणे सांगते आहे, पण मला ते शिकवायला कुणी नव्हतं तेव्हा फार वाईट घडलं. सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. असेच ठिपके पाहून मी दुकानात धावले. मासा न पाहताच मला मॅलॅकाइट ग्रीनची बाटली मिळाली, आणि मीही तो न पाहताच पूर्ण मात्रेत औषध ओतलं. गोल्डफिशला काही झालं नाही. पण त्याच टाकीत दोन झेब्रा लोच होते. आपल्या सह्याद्रीतले, कृष्णेच्या खोऱ्यातले मासे, अंगावर कशिद्याच्या टाक्यांसारखे बारीक पट्टे. लोचचे खवले इतके सूक्ष्म असतात की औषधाचा मारा त्यांना इतर माशांपेक्षा कितीतरी जास्त सोसावा लागतो. सकाळी दोघेही तळाशी आडवे पडले होते. नसलेल्या आजारावरच्या उपचारानं ते गेले. ती सकाळ मी विसरलेली नाही, आणि आजचं हे भाषणही खरं तर त्या दोघांमुळेच आहे.

माशाची कातडी आपल्यासारखी नसते. आपल्या अंगावर सगळ्यात बाहेर मेलेल्या पेशींचं एक कवच असतं. माशाच्या अंगावर अगदी बाहेरची पेशीसुद्धा जिवंत असते, आणि तिच्यावर फक्त बुळबुळीत थर. मासा हातातून निसटतो तो त्याच थरामुळे. खवले त्या जिवंत कातडीच्या खाली असतात, वर नव्हे. म्हणजे पाण्यात जे काही असेल, मग ते अमोनिया असो, क्लोरीन असो की आपण ओतलेलं औषध, ते थेट जिवंत पेशीला भिडतं. म्हणूनच माशाचं अंग त्याच्या पाण्याबद्दल इतकं काही सांगत असतं.

आता खरे पांढरे ठिपके. ज्याला हौशी मंडळी 'इक' म्हणतात, तो रोग. अंगभर, परांवर, शेपटीवर, कुठेही विखुरलेले मिठाच्या कणांएवढे दाणे. मासा दगडावर, हीटरवर अंग घासतो, पर मिटून बसतो, कल्ले भराभर हलवतो. काल चार दाणे होते, आज चाळीस. हा एका पेशीचा परजीवी आहे. फूके नावाच्या फ्रेंच माणसानं १८७६ मध्ये त्याला जे शास्त्रीय नाव दिलं, त्याचा मराठीत अर्थ लावायचा तर 'माशांची लेकुरवाळी ऊ' असा होईल. नाव अगदी चपखल आहे. तो दाणा माशाच्या कातडीच्या आत पोसतो, पिकला की गळून तळाशी पडतो, स्वतःभोवती कवच करतो आणि आतल्या आत दुभंगत जातो. एकातून शेकडो पिल्लं बाहेर पडतात. त्यांना दीड-दोन दिवसांत मासा सापडला तर ती जगतात, नाहीतर मरतात.

मी शाळेत जीवशास्त्र शिकवायचे. एकदा मोली जातीच्या आजारी माशाच्या अंगावरून काचपट्टीनं अगदी हलकेच थोडा चिकटा घेतला आणि प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. एक करडा गोळा सावकाश गरगर फिरत होता, कडेला रोमकांची लव, आणि पोटात घोड्याच्या नालासारखं वळलेलं केंद्रक. ते केंद्रक दिसलं की निदानात शंकाच राहत नाही. वर्गातली पोरं रांग लावून डोळा लावत होती, आणि मधल्या सुट्टीची घंटा झाली तरी एकही हलेना.

हे सगळं इतकं खोलात सांगते आहे ते एका कारणासाठी. औषध कातडीच्या आतल्या दाण्याला लागत नाही. ते लागतं फक्त पाण्यात पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणून औषध टाकल्यावर दुसऱ्या दिवशीही ठिपके दिसले तर लोक बाटली बदलतात, मात्रा दुप्पट करतात, आणि शेवटी मासा रोगानं नाही, औषधांच्या गर्दीनं मरतो. आणि उलट, तीन दिवसांत ठिपके गेले म्हणून औषध थांबवतात, तेव्हा ते ठिपके बरे होऊन गेलेले नसतात, पिकून गळलेले असतात. आठवड्यानं दसपट होऊन परत येतात. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही निदान आठवडाभर उपचार चालू ठेवायचे. पाणी हळूहळू, दिवसाला एक-दोन अंशांनी, २८ ते ३० अंशांपर्यंत नेलं की परजीवीचं चक्र भरभर फिरतं आणि तो लवकर औषधाच्या तावडीत येतो. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, तेव्हा एअरपंप जोरात ठेवायचा. लिटरला १ ते ३ ग्रॅम खडे मीठ विरघळवून, थोडं थोडं करून घालतात. टाकीत लोच असतील, मांजरमासे असतील किंवा नाजूक वनस्पती असतील, तर मीठही जपूनच.

पण हाच, अगदी हाच उपाय चुकीच्या पांढऱ्यावर केला तर? कॉलम्नॅरिस नावाचा जिवाणूंचा रोग आहे. त्यातही पांढरंच दिसतं. दाणे नसतात, चट्टे असतात. तोंडाच्या कडेला पांढुरकी किनार, किंवा पाठीवर खोगीर टाकावं तसा फिकट पट्टा. लोक त्याला बुरशी समजतात. खरी बुरशी जखमेवर कापसाच्या बोळ्यासारखी उभी राहते, तिचे तंतू पाण्याबरोबर हलतात. कॉलम्नॅरिसचा चट्टा मात्र अंगाला चिकटून, कातडी खात पसरतो. हे जिवाणू गरम पाण्यात फोफावतात. इक समजून हीटर वाढवला तर एक-दोन दिवसांत टाकी रिकामी होऊ शकते. म्हणून म्हणते, पांढरं दिसलं हे निदान नव्हे. दाणा आहे का चट्टा, उभा आहे का आडवा, एका माशाला आहे का सगळ्यांना, कालच्यापेक्षा वाढला का, हे कळेपर्यंत हीटरला हात लावू नका.

पांढऱ्यातला आणखी एक प्रकार फसवा आहे, कारण तो पांढरा नसतोच. अंगावर सोनेरी-पिवळसर धूळ बसल्यासारखी दिसते. फायटर माशात हे पुष्कळदा येतं, आणि गडद रंगामुळे दिवसा कळतही नाही. रात्री खोलीतला दिवा घालवा आणि टॉर्च वरून, तिरपा धरा. मखमलीवर जरीचा चुरा पडावा तसं अंग चमकेल. याला म्हणूनच व्हेल्वेट म्हणतात. या परजीवीत हरितद्रव्य असतं, त्याला उजेड हवा असतो. उपचार चालू असताना टाकीचा दिवा बंद ठेवून वर कापड टाकलं तर औषधाला मदत होते.

आणि फुलकोबीच्या तुऱ्यासारख्या बारीक गाठी परांच्या कडेला दिसल्या तर तो बहुधा लिम्फोसिस्टिस. हा विषाणूचा. यात एकेक पेशी नुसत्या डोळ्यांना दिसेल इतकी फुगते. औषध नाही, आणि बहुतेक वेळा लागतही नाही. चांगलं पाणी, शांत टाकी, आणि काही आठवडे किंवा महिने थांबायची तयारी. इथे मला एक गोष्ट कळकळीनं सांगायची आहे. बाजारात गुलाबी, हिरव्या, निळ्या पट्ट्यांचे काचेसारखे पारदर्शक छोटे मासे मिळतात. तो आपल्याच देशातल्या नद्या-तळ्यांतला ग्लासफिश. तो रंग त्याचा नाही. सुईनं त्याच्या अंगात टोचलेला आहे. एकच सुई एका माशातून दुसऱ्यात जाते आणि असे विषाणू पसरायला वाट मिळते. काही महिन्यांत रंग विरतो, पण तोवर पुष्कळ मासे राहिलेलेच नसतात. कृपा करून ते विकत घेऊ नका. न रंगवलेला ग्लासफिश उजेडात धरा, त्याचा मणकान् मणका दिसतो. त्याहून सुंदर काय रंगवणार?

काळ्या डागांचं वेगळं आहे. "माझ्या गोल्डफिशचे पर काळे पडले, शाई सांडल्यासारखे," असं मला पुष्कळ जण विचारतात. मी लगेच उलट विचारते, टाकी कधी धुतली होती? उत्तर ठरलेलं असतं. रविवारी सगळं पाणी काढून, खडी घासून, फिल्टरचा स्पंज नळाखाली पिळून स्वच्छ केला. हे आपल्याकडे घरोघरी होतं, भांडी घासावीत तशी टाकी घासतात. फिल्टरच्या त्या बुळबुळीत स्पंजात अमोनिया पचवणारे जिवाणू वस्तीला असतात आणि नळातल्या क्लोरीननं ते मरतात. नवी वस्ती बसायला चार-सहा आठवडे जातात. तोवर माशाच्या विसर्जनातला अमोनिया साचतो आणि त्या जिवंत कातडीला भाजतो. मग काही दिवसांनी भाजलेल्या जागी काळं रंगद्रव्य गोळा होतं. म्हणजे काळा डाग बहुतेकदा जखम भरत असल्याची खूण असते. त्यावर औषध घालायचं नसतं, पाणी तपासायचं असतं. चाचणीच्या पट्टीवर किंवा किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य यायला हवेत. नसतील तर रोज पाव टाकी पाणी बदला, क्लोरीन काढलेलं. आणि स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळा.

अर्थात, काही गोल्डफिश लहानपणी काळसर-करडेच असतात आणि मोठे होताना नारंगी होतात. तिथे काळा हा डागच नसतो. तसंच निऑन टेट्राचं. रात्री अचानक दिवा लावला तर त्याचा निळा पट्टा विझल्यासारखा दिसतो. तो झोपेतला रंग आहे. अर्ध्या तासात परत येतो. दिवसभर फिका राहिला, तर मात्र काळजी.

डोळ्यांना दिसणारे परजीवीही असतात. चपटी, पारदर्शक, टिकलीएवढी चकती माशाच्या अंगावर सरकताना दिसली तर ती माशांची ऊ, आर्ग्युलस. खवल्यातून दोरा लोंबताना दिसला तर लर्निया. तो ओढून काढायचा मोह आवरा, त्याचा नांगर मांसात अडकलेला असतो आणि तुटून आत राहतो.

लाल, उघडे, न भरणारे व्रण मी घरी हाताळत नाही, जाणकाराला दाखवते. आपल्याकडे रत्नागिरी, नागपूर आणि उदगीरला मत्स्य महाविद्यालयं आहेत, जवळ असाल तर तिथे विचारून पाहा. आणि अशा टाकीत हाताला कापलेलं असताना हात घालू नका, हातमोजे घाला. मायकोबॅक्टेरियम मॅरिनम नावाचा जिवाणू माशांतून माणसाच्या जखमेत शिरतो. बोटावर महिनोन्महिने न भरणारी गाठ येते आणि डॉक्टरांना कारण सापडत नाही. असं झालं तर घरी मासे आहेत, हे त्यांना न विचारता सांगा.

त्या मुलीला मी एक वही करायला सांगितली होती. रोज संध्याकाळी ठिपके कुठे आहेत ते माशाचं चित्र काढून त्यावर मांडायचे. चार दिवस तिनं इमानानं मांडले. पाचव्या दिवशी सकाळी शाळेचा गणवेश घालूनच धावत आली. टाकीतल्या वनस्पतींना साबुदाण्याहून बारीक अंडी चिकटली होती आणि दोन्ही मासे ती खात सुटले होते. आम्ही फांद्यांसकट अंडी एका टबात काढली. पांढरी पडलेली निवडून टाकली, कारण मेलेल्या अंड्याला बुरशी धरते आणि शेजारचं जिवंत अंडंही घेऊन जाते. मग तिनं आणलेल्या त्याच मेथिलिन ब्लूच्या बाटलीतले दोन थेंब टबात सोडले. बुरशी रोखायला तिथे ते हवेच होते.

काल संध्याकाळी तिनं भिंग लावून मोजलं. एकेचाळीस अंडी स्वच्छ होती, आणि प्रत्येकात दोन काळे ठिपके. "काकू, हा कुठला रोग?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "नीट बघ. ते तुझ्याकडे बघतायत."