सावंतवाडीची चितारआळी

(पहाट. मोती तलाव, पाण्यात राजवाड्याचं प्रतिबिंब.)

सावंतवाडीचा फोटो म्हटला की हाच. १८७४ सालचा मोती तलाव आणि काठावर तिसऱ्या खेम सावंतांच्या कारकिर्दीतला जांभ्या दगडाचा राजवाडा. गोव्याला निघालेली माणसं इथे गाडी थांबवतात, फोटो काढतात आणि निघून जातात. आम्ही तलावाकडे पाठ केली आणि बाजारात शिरलो.

(चितारआळी. एकेक फळी काढत दुकान उघडतंय.)

ही चितारआळी. चिताऱ्यांची, म्हणजे रंगकाम करणाऱ्या कारागिरांची आळी, म्हणून हे नाव. जुन्या घराची मांडणी अशी: रस्त्याला लागून दुकान, त्याच्यामागे बिऱ्हाड, आणि जिथे उजेड येईल तिथे काम. रंग वाळत घातलाय म्हणून पाहुण्याला वळसा घालून आत यावं लागतं. घर आणि कारखाना यांच्यामध्ये इथे कधी भिंत नव्हतीच.

(लाकडी फळांची परडी. हात एक सीताफळ उचलतो.)

हे सीताफळ हातात घेतलं की फसगत कळते. फारच हलकं. पांगाऱ्याचं लाकूड आहे ना. कोकणात पांगारा लावतात कुंपणाला, मिरवेलीच्या आधाराला. सुतार त्याला फारशी किंमत देत नाही, एवढं ते मऊ. चिताऱ्याला मात्र तेच हवं असतं.

(खराद फिरतोय.)

इथे संगीत ठेवलेलं नाही. हा आवाज ऐका. हा खराद, लाकूड फिरवत त्याला आकार देणारं यंत्र. पूर्वी खरादाची दोरी ओढायला दुसरं माणूस लागे, बहुतेक घरातलंच. आता मोटर आहे. रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर टेकवली की घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळते आणि लाकडाला धरते. वरून केवड्याचं पान दाबलं की चकाकी येते. बघा... आली.

(राजवाडा, दरबार हॉल. टेबलावर गोल पानं.)

या आळीची सगळ्यात नाजूक वस्तू बघायला पुन्हा राजवाड्यात यावं लागतं. हे गंजिफे. हातानं रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफ्यात १२० पानं. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पानं: राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत. मत्स्याच्या पानांवर मासे, परशुरामाच्या पानांवर परशू. दहा मासे एवढ्याशा गोलात बसवायचे, तेही एकमेकांना न चिकटता! दिवसा डाव मांडला तर उतारी, म्हणजे पहिली खेळी, रामाची, रात्री मांडला तर कृष्णाची. पाच अवतारांत दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत एक्का. नवखा माणूस पहिल्या डावात हमखास गोंधळतो. आमचा कॅमेरामन दोन डाव हरला.

(जवळून: खळ लावणारी बोटं.)

कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवायचे. त्यावर खडूच्या पुडीचा लेप. तो वाळला की गुळगुळीत दगडानं घासायचं, कुंचला कुठेही अडकू नये इतकं. मग रंग, मग लाख. पानाची पाठ एकरंगीच ठेवायची, नाहीतर हातातलं पान समोरच्याला कळेल.

(भिंतीवरच्या तसबिरी.)

विसाव्या शतकाच्या मध्यावर ही कला जवळजवळ संपली होती. काम येणारा एखाददुसरा म्हातारा चितारी उरला होता. सावंतवाडीचे राजे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी त्याच्याकडून ती शिकून घेतली आणि १९७० च्या दशकात दरबार हॉलमध्येच कारागिरांना बसवलं. ज्या दालनात मुजरे झडले, तिथे खळीची भांडी आली. या राजवाड्यानं केलेल्या कामांत आम्हाला हेच थोर वाटतं.

(आळी, दुपार. एक बंद दार, शेजारी नव्या इमारतीचे खांब.)

मधल्या काळात प्लॅस्टिकची खेळणी आली, महामार्ग गावाबाहेरून गेला, मुलं मुंबई-गोव्याला लागली. २०२४ मध्ये गंजिफ्याला आणि लाकडी खेळण्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. ते वस्तूंना मिळालं, घरांना नाही. घर पाडून वर मजले चढतात, तेव्हा खरादाची जागा नकाशात कुणी मागत नाही.

(संध्याकाळ. दुकानात दिवा. एक लहान मुलगी भातुकलीचं जातं फिरवून बघते.)

हे जातं तिनं मघापासून तीनदा खाली ठेवलंय.

(ती पुन्हा उचलते. आई पर्स उघडते.)