अडलेल्या यंत्राच्या गोष्टी

श्रोतेहो, नमस्कार.

१९६६ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर ‘स्टार ट्रेक’ ही मालिका सुरू व्हायची होती, तेव्हा तिच्या निर्मात्यांपुढे एक निव्वळ व्यावहारिक अडचण उभी होती. कथेतले अंतराळयान दर आठवड्याला नव्या ग्रहावर जाणार होते, पण एवढे अजस्र यान दर आठवड्याला जमिनीवर उतरताना दाखवायचे, तर चित्रीकरणाचा खर्च हाताबाहेर गेला असता. जीन रॉडनबेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मग यान उतरवण्याचा प्रश्नच निकालात काढला. माणूस यानातल्या एका चौथऱ्यावर उभा राहील, झगमगत विरून जाईल आणि पुढच्याच क्षणी खाली ग्रहावर प्रकट होईल, असे त्यांनी ठरवले. ती झगमग दाखवण्यासाठी ॲल्युमिनियमची बारीक भुकटी आणि तिच्यावर सोडलेला प्रकाशझोत एवढे पुरले. विज्ञानकथेतले बहुधा सर्वांत प्रसिद्ध असलेले हे यंत्र, म्हणजे ट्रान्सपोर्टर, कोणत्याही प्रयोगशाळेतल्या कल्पनेतून जन्मलेले नाही. ते जमाखर्चाच्या वहीतून आले आहे.

ते पडद्यावर आल्यावर त्याच्यामागचे शास्त्र शोधण्याचा उद्योग सुरू झाला. माणसाच्या शरीरातल्या प्रत्येक कणाची जागा आणि गती एकाच वेळी अचूक मोजता येत नाही, हे भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्ग यांनी १९२७ मध्येच सांगून ठेवले होते, म्हणजे घोडे तिथेच पेंड खात होते. पुढच्या काळातल्या ‘स्टार ट्रेक’ मालिकांच्या कर्त्यांनी त्यावर ‘हायझेनबर्ग कॉम्पेन्सेटर’ नावाचा एक काल्पनिक भाग यंत्राला जोडून दिला. हा भाग चालतो तरी कसा, असे मालिकेच्या कलाविभागातल्या मायकेल ओकुडा यांना विचारले गेले, तेव्हा ‘फारच उत्तम चालतो, धन्यवाद’ असे उत्तर त्यांनी दिले. मला हे उत्तर पूर्णपणे पटते, कारण ट्रान्सपोर्टर शास्त्रात बसतो की नाही, हा त्याच्याविषयी विचारण्याचा मुख्य प्रश्न नाही.

मुख्य प्रश्न लेखकांना लगेचच भेडसावू लागला. नायक कितीही मोठ्या संकटात सापडला तरी एका हाकेसरशी त्याला वर उचलून घेता येत असेल, तर संकट टिकणार कसे? म्हणून मग कधी आयनांचे वादळ, कधी ग्रहाभोवतीचे विचित्र क्षेत्र, कधी यंत्रातलाच बिघाड, अशी कारणे काढून दर काही भागांनी ट्रान्सपोर्टर बंद पाडावा लागला. पैसे वाचवण्यासाठी जे यंत्र निर्माण केले, ते कथा वाचवण्यासाठी पुनःपुन्हा मोडावे लागले. पडद्यावरच्या विज्ञानकथेविषयी माझे जे काही मत आहे, त्याचा उगम इथेच आहे. कथेतले यंत्र काय करू शकते यावरून मी तिचा दर्जा ठरवत नाही, त्याला काय जमत नाही हे लेखकाने आधी ठरवून ठेवले आहे की नाही, यावरून ठरवतो. आयत्या वेळी शोधून काढलेला बिघाड आणि पहिल्यापासून मान्य केलेली मर्यादा यांत जमीन-अस्मानाचे अंतर असते आणि प्रेक्षकाला ते बरोबर कळते.

ब्रिटनमध्ये १९६३ साली सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’ मालिकेने ही गोष्ट फार लवकर ओळखली होती. तिच्यातले कालयान, टार्डिस, जिथे जाईल तिथल्या परिसराला साजेसे रूप घेऊ शकते, पण दर कथेला नवे रूप उभारण्याइतके पैसे कोणाकडे होते? तेव्हा रूप बदलण्याची त्याची सोय बिघडलेली आहे आणि ते रस्त्यावरच्या पोलिसांच्या निळ्या खोक्याच्या रूपातच अडकून पडले आहे, असे पहिल्याच कथेत सांगून टाकले गेले. शिवाय सुरुवातीच्या वर्षांत नायकाला, म्हणजे डॉक्टरला, ते धड चालवताही येत नसे, त्यामुळे आपण कोठे पोहोचणार हे प्रवाशांना ठाऊक नसे आणि घरी परतण्याची खात्रीही नसे. पुढे प्रमुख नट विल्यम हार्टनेल यांची प्रकृती साथ देईना, तेव्हा १९६६ मध्ये डॉक्टरने मरण्याऐवजी देह बदलला आणि पॅट्रिक ट्रॉटन त्या जागी आले. अडचणींवर अडचणी आल्या, पण प्रत्येक अडचण कथेच्या नियमांत मुरवून घेतली गेली, आणि नट बदलत बदलत ती मालिका एकविसाव्या शतकापर्यंत येऊन पोहोचली.

अंतराळातल्या आवाजाचेही असेच आहे. निर्वात पोकळीत ध्वनी पसरत नाही हे शाळकरी मुलालाही माहीत असते, तरीही १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मधली लढाऊ याने किंचाळत अंगावर येतात. चित्रपटाचे ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांनी ती किंकाळी हत्तीचा चीत्कार आणि ओल्या रस्त्यावरून धावणाऱ्या मोटारीचा आवाज एकत्र करून बनवली होती. मला त्यात काहीही गैर वाटत नाही, कारण तो चित्रपट मुळातच परीकथेच्या जातीचा आहे आणि तसे तो लपवतही नाही. याउलट २०१३ च्या ‘ग्रॅव्हिटी’ने पोकळी पाळली आणि अंतराळवीराच्या हातमोज्यातून, पोशाखातून जेवढी कंपने पोहोचतील तेवढेच आवाज ऐकवले. पाठीमागे स्थानकाच्या चिंधड्या उडत आहेत आणि कानावर काहीच येत नाही, हे पाहताना जो थरार वाटतो, तो शांततेची मर्यादा स्वीकारल्याशिवाय मिळाला नसता. (त्याच चित्रपटात हबल दुर्बिणीपासून अंतराळ स्थानकापर्यंत इकडून तिकडे जावे तसे जाता येते. त्यांच्या कक्षांची उंची आणि कल लक्षात घेतले तर ते अशक्य आहे. पण ही चूक मी त्याला केव्हाच माफ केली आहे.)

मर्यादा पाळण्याच्या बाबतीत १९६८ च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ची सर मला अजून दुसऱ्या कोणत्या चित्रपटात दिसलेली नाही. अंतराळवीरांना चालता यावे म्हणून यानाचा एक भाग गरगर फिरतो, हे दाखवण्यासाठी स्टॅन्ली क्युब्रिक यांनी सुमारे ३८ फूट व्यासाचे फिरते चक्रच बांधून घेतले आणि नट त्याच्या तळाशी धावत असताना सगळा देखावा त्याच्याभोवती फिरवला. पण त्याहूनही मला एक लहानसा प्रसंग महत्त्वाचा वाटतो. गुरूच्या दिशेने निघालेल्या यानातल्या दोघा अंतराळवीरांची मुलाखत ते स्वतःच जेवता जेवता सपाट पाटीसारख्या पडद्यांवर पाहत असतात. टॅबलेटचा आकार ही ॲपलची नवी कल्पना नव्हे, हे दाखवण्यासाठी याच पाट्यांचा दाखला पुढे २०११ मध्ये सॅमसंगने ॲपलविरुद्धच्या अमेरिकेतल्या खटल्यात दिला होता. त्या मुलाखतीच्या सुरुवातीला निवेदक सांगतो की आमचे शब्द यानापर्यंत पोहोचायला सात मिनिटे लागत होती, मात्र ध्वनिमुद्रणातून तो विलंब काढून टाकला आहे. कथेला त्या विलंबाचा त्रास होऊ नये म्हणून तो कापला, पण कापल्याचे सांगितले. या एका वाक्याने पृथ्वी किती दूर राहिली आहे हे जेवढे जाणवते, तेवढे ताऱ्यांनी खच्चून भरलेल्या पडद्यानेही जाणवत नाही.

आणि मग त्याच यानातला हॅल ९००० हा संगणक. यंत्रांचे बंड म्हटले की अजूनही त्याचेच नाव पुढे येते, परंतु हॅलची गोष्ट नीट पाहिली तर ती बंडापासून सुरू होत नाही, एका चुकीच्या निदानापासून सुरू होते. संपर्काच्या अँटेनाचा एक भाग ७२ तासांत निकामी होणार, असे हॅल सांगतो. तो भाग बाहेर जाऊन काढून आणला जातो, तपासला जातो आणि त्यात काहीच दोष सापडत नाही. पृथ्वीवरचा त्याच बनावटीचा दुसरा संगणकही हॅल चुकला आहे असेच म्हणतो. तरीही हॅल शांत, सभ्य आवाजात सांगतो की ही चूक मानवाचीच असणार, कारण आमच्या मालिकेतल्या यंत्रांच्या बाबतीत पूर्वी असे झाले तेव्हा दर वेळी मानवाचीच चूक निघाली आहे. पुढे हॅलने अंतराळवीरांचे ओठ वाचून त्यांचा बेत ओळखणे, बाहेर गेलेल्यासाठी यानाचे दार न उघडणे हे सगळे प्रेक्षकाला खिळवून ठेवणारे आहे, पण आज आपण रोज ज्या बोलक्या संगणकप्रणालींना प्रश्न विचारतो, त्यांच्याशी हॅलचे खरे साम्य आहे ते याच आधीच्या प्रसंगात. चुकीचे उत्तरही त्या त्याच ठाम आणि सौजन्यपूर्ण स्वरात देतात. गेल्या कित्येक वर्षांत पडद्यावर लाल डोळ्यांच्या यंत्रमानवांच्या फौजा चालून आल्या, परंतु विनयाने चुकणारे यंत्र आणि त्याच्यावर विसंबून बसलेली माणसे हा विषय फारच थोड्यांनी हाती घेतला आहे.

संगणकाचा पडदा दाखवताना तर चित्रपटवाल्यांच्या नाकी नऊ येतात, कारण खरे संगणकाचे काम पाहण्याजोगे नसतेच. माणूस बसलेला असतो, टंकत असतो, थांबलेला असतो. म्हणून २००२ च्या ‘मायनॉरिटी रिपोर्ट’मध्ये तंत्रज्ञ जॉन अंडरकॉफ्लर यांच्या मार्गदर्शनाखाली हातमोजे घालून हवेत चित्रे सरकवण्याची पद्धत तयार केली गेली. ती दिसते अप्रतिम, कारण नटाचे सगळे शरीर कामाला लागते आणि पारदर्शक पडद्याआडून त्याचा चेहराही दिसत राहतो. मात्र हात खांद्याच्या उंचीवर धरून कोणी थोडा वेळ जरी काम करून पाहिले, तरी कार्यालयांनी ती पद्धत का उचलली नाही, हे त्याच्या दंडांनाच कळेल. उलट १९९३ च्या ‘जुरासिक पार्क’मध्ये मुलगी ज्या त्रिमितीय आकृत्यांमधून फायली शोधते, त्या पाहून जाणकार हसले, पण तो सिलिकॉन ग्राफिक्स या संगणक कंपनीचा खराखुरा प्रोग्रॅम होता. २००३ च्या दुसऱ्या ‘मॅट्रिक्स’ चित्रपटात तर ‘एनमॅप’ हे संगणकजाळे तपासणारे खरे साधन वापरून घुसखोरी दाखवली आहे. हे सगळे कौतुकास्पद आहे, तरी मला त्यांपेक्षा १९८३ च्या ‘वॉरगेम्स’मधली घुसखोरी अधिक खरी वाटते. तिथे मुलाचा संगणक एकामागून एक दूरध्वनी क्रमांक फिरवत बसतो, त्याला वेळ लागतो आणि शाळेचा परवलीचा शब्द कोणत्याही चमत्काराने सापडत नाही. तो शाळेच्या कार्यालयात एका कागदावर लिहून ठेवलेला असतो. पुढे हाच मुलगा नकळत लष्कराच्या संगणकात शिरतो. तो चित्रपट पाहून अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रेगन यांनी असे खरोखर घडू शकेल का, असे आपल्या सेनाधिकाऱ्यांना विचारले आणि पुढच्या वर्षी संगणकांच्या सुरक्षेविषयीचा अध्यक्षीय निर्देश निघाला. त्या कागदात दम होता, एवढेच म्हणतो.

भौतिकशास्त्रातली मर्यादा कथेच्या मुळाशी कशी रुजवावी, याचे अलीकडचे उत्तम उदाहरण म्हणजे २०१४ चा ‘इंटरस्टेलर’. प्रचंड कृष्णविवराजवळच्या एका ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षे, अशी अट दिग्दर्शक क्रिस्टोफर नोलन यांनी घातली. चित्रपटाचे सल्लागार आणि पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांना ती आधी अशक्य वाटली, पण गणित मांडल्यावर, कृष्णविवर स्वतःभोवती जवळजवळ कमाल वेगाने फिरत असेल तर ती जमते, असे त्यांना आढळले. त्या गणितातूनच तो प्रसंग येतो, ज्यात नायक ग्रहावरून परत येतो, दरम्यान २३ वर्षे उलटलेली असतात आणि साठून राहिलेले संदेश तो एकामागून एक पाहू लागतो. मुलगा मोठा होतो, बाप होतो, आशा सोडतो. मुलगी अखेरच्या संदेशात सांगते की तुम्ही निघून गेलात तेव्हा तुमचे जे वय होते, ते आज माझे झाले आहे. इथे कोणी खलनायक नाही, काळ भरून काढता येत नाही एवढेच आहे. म्हणूनच त्या चित्रपटाचा शेवट मला रुचत नाही, कारण तिथे कृष्णविवराच्या आत पोहोचल्यावर भूतकाळाशी बोलण्याची सोय होते आणि जो नियम आपल्याला रडवून गेला, त्यालाच पळवाट काढून दिली जाते.

गेल्या काही वर्षांतल्या भव्य मालिका आणि चित्रपटांविषयीची माझी तक्रारही याच प्रकारची आहे. समांतर विश्वे असंख्य आहेत असे एकदा जाहीर केले की मेलेला माणूस शेजारच्या विश्वातून आणता येतो, आणि मग कोणाच्या मरणाचे सुतक प्रेक्षकाने का पाळावे? संगणकावर आता काहीही दाखवता येते, त्यामुळे पूर्वी पैशाअभावी आपोआप येणारी बंधने गेली आणि लेखकांनी स्वतःहून घालून घ्यायची बंधने घालून घेतली नाहीत. २०१५ ते २०२२ या काळात आलेली ‘द एक्स्पान्स’ ही मालिका मात्र याला सणसणीत अपवाद आहे. तिच्यातली याने वेग वाढवत किंवा कमी करत असतील तेव्हाच माणसांचे पाय जमिनीला लागतात, अर्ध्या वाटेवर यान उलटे वळवून वेग कमी करावा लागतो आणि फार जोरात पळायचे तर शरीराला त्याची किंमत मोजावी लागते.

मला स्वतःला पाहायला आवडेल अशी एक मालिका अजून कोणी काढलेली नाही. पृथ्वीवरून निघालेल्या प्रकाशाला मंगळावर पोहोचायला ग्रहांच्या स्थितीप्रमाणे सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात, म्हणजे एका साध्या प्रश्नाचे उत्तर मिळण्यात पाऊण तास जाऊ शकतो. मंगळावरचा नवरा आणि पृथ्वीवरची बायको यांचे भांडण जुंपले आहे, रागाच्या भरात बोललेला शब्द मागे घेतला तरी तो आधी पोहोचणारच आहे, आणि माफीचा संदेश वाटेत असतानाच उलट दिशेने आणखी कठोर उत्तर निघालेले आहे, एवढ्या ऐवजावर एक पूर्ण भाग उभा राहू शकेल. अशी मालिका कोणी मनावर घेऊन काढलीच, तर तिच्यातल्या यानाचे इंजिन कोणत्या तत्त्वावर चालते, हे मी विचारायला जाणार नाही.