सामायिक वॉलेटमधली चिल्लर: तुम्ही फ्रीझ केलीत, बाकीच्यांचं काय?

नमस्कार मंडळी. मल्टिसिगच्या, म्हणजे खर्चाला एकाहून जास्त जणांच्या सह्या लागणाऱ्या बिटकॉइन वॉलेटच्या, व्हिडिओखाली तोच प्रश्न पुन्हापुन्हा येतोय: "आमच्या तिघांच्या वॉलेटमध्ये कुठून तरी ५४६ सातोशी येऊन पडलेत, काय करू?" हात लावू नका.

मूळ गोष्ट पटकन. एक बिटकॉइन म्हणजे १० कोटी सातोशी. शिल्लक एकच आकडा दिसते, पण आत सुटी नाणी असतात आणि फी लागते ती व्यवहारात नाणं किती जागा घेतं त्यावर, रकमेवर नाही. एकट्याच्या सेगविट (कमी जागा घेणाऱ्या पत्त्यांच्या) वॉलेटमध्ये एक नाणं साधारण ६८ व्हीबाइट (ही जागा मोजायचं एकक) घेतं; तिघांपैकी दोघांच्या सह्या लागणाऱ्या वॉलेटमध्ये साधारण १०५. दर व्हीबाइटला १० सातोशी असेल तर हजाराच्या वर सातोशी गेले, ५४६ हलवायला! तुमच्याच व्यवहारांतून उरलेली मोड असेल तर दर १-२ वर आला की एकत्र करा. झालं.

अनोळखी धुळीचं, म्हणजे कोणीतरी मुद्दाम पाठवलेल्या अशा चिल्लरीचं, तसं नाही. ती टाकणारा वाट बघत असतो. तुमच्या बाकी नाण्यांबरोबर ती एकाच व्यवहारात गेली, की हे सगळे पत्ते एकाच वॉलेटचे आहेत हे त्याला समजतं.

आता ज्यासाठी हा व्हिडिओ केला ते. एकाने लिहिलंय, "दादा, फ्रीझ केलं, आता काळजी मिटली." नाही मिटली! फ्रीझ म्हणजे 'हे नाणं खर्चायचं नाही' अशी वॉलेटमध्ये केलेली खूण, आणि ती तुमच्या संगणकावरच्या वॉलेट फाइलमध्ये राहते. ब्लॉकचेनवर, म्हणजे बिटकॉइनच्या सार्वजनिक नोंदवहीत, ती कुठेच नसते. तुमच्या भागीदाराच्या मशीनवर तेच नाणं मोकळं आहे.

आमचं असंच झालं. मी फ्रीझ केलं आणि कोणाला सांगितलं नाही. महिन्याभराने भागीदाराने सगळी रक्कम नव्या वॉलेटमध्ये हलवायला घेतली, त्यात धूळही आली. त्या व्यवहाराची फाइल माझ्याकडे सहीला आली आणि मी फक्त पत्ता नि फी बघून सही केली. बहुतेक हार्डवेअर वॉलेटच्या (सही करायच्या छोट्या उपकरणाच्या) पडद्यावर तेवढंच दिसतं. कोणती नाणी आत घेतलीत ती यादी संगणकावर उघडून बघावी लागते, आणि ती मी उघडलीच नव्हती. मला याचं आजही वाईट वाटतं, कारण माझ्यामुळे तिघांचे पत्ते जोडले गेले.

म्हणून फ्रीझ तिघांनी करायचं, आपापल्या मशीनवर. वॉलेटमध्ये बिप-३२९ची (लेबलं एका वॉलेटमधून दुसऱ्यात नेण्याच्या ठरलेल्या पद्धतीची) सोय असेल तर लेबलांची फाइल पाठवा, त्यात 'हे खर्चायचं नाही' ही खूणही जाते. मशीन बदललं, वॉलेट बॅकअपच्या शब्दांवरून पुन्हा उभं केलं, तर खूण गेली. परत फ्रीझ करा. हे तर अजिबात विसरू नका.

एकीने विचारलंय, सही झाल्यावर धूळ दिसली तर? व्यवहार नेटवर्कवर सोडला नसेल तर वाचलात. धूळ काढली की जुन्या सह्या चालत नाहीत, म्हणून नवी फाइल करून दोघांनी पुन्हा सही करा. आणि ती लगेच नेटवर्कवर पाठवा. तीच नाणी नव्या व्यवहारात खर्च होऊन ब्लॉकचेनवर कन्फर्म झाली, की जुनी फाइल कोणाकडे राहिली तरी बाद.