ठाम दगड कुठे आहे?

(एका वाचनालयातील व्याख्यानाचे संपादित रूप)

नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय, ‘मॉर्मन ग्रंथातील घटना कुठे घडल्या : विविध मतांचे मूल्यमापन’. मूल्यमापन हा शब्द कार्यवाहांचा. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक आहेत आणि त्यांच्यापुढे घंटा ठेवलेली मला दिसतेय. तेव्हा लगेच सुरू करतो.

माझी पात्रता आधी सांगून टाकतो. मी धर्मशास्त्राचा अभ्यासक नाही आणि पुरातत्त्वाचाही नाही. भूमी अभिलेखात भूकरमापक होतो, एकतीस वर्षं. मुलगी अमेरिकेतल्या युटात राहते. तिच्याकडे सहा महिने काढायचे होते, टीव्हीचा कंटाळा आला होता, आणि शेजारच्या एका सज्जन गृहस्थांनी निळ्या पुठ्ठ्याचा हा ग्रंथ, मॉर्मन पंथाचा पवित्र ग्रंथ, हातात ठेवला. ते तो श्रद्धेने वाचतात. मी वाचला खरेदीखतासारखा. सवय, दुसरं काय!

कथा तुम्हाला टिपणात दिलीच आहे. लीहाय नावाचा माणूस इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास कुटुंबकबिला घेऊन जेरुसलेम सोडतो, अरबस्तान पार करतो, जहाज बांधतो आणि वचनदत्त भूमीत उतरतो. मुलांत फूट पडते, नीफाइट आणि लामनाइट. पुढे हजार वर्षं भाऊबंदकी. (इथे माझ्या खात्याचा संबंध आला.) सन ३८५ च्या सुमारास कुमोरा टेकडीपाशी नीफाइटांचा निकाल लागतो. मागे उरलेला मोरोनाय सोन्याच्या पत्र्यांवरची बखर ४२१ मध्ये पुरून ठेवतो. १८२७ मध्ये ती न्यूयॉर्क राज्यातल्या एका टेकडीतून आपल्याला मिळाली असं पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ सांगतो आणि १८३० मध्ये पाल्मायरा गावी ग्रंथ छापून निघतो.

आता यातली चतुःसीमा बघा. उत्तरेकडची भूमी, दक्षिणेकडची भूमी आणि मधे चिंचोळी मान. मानेच्या दोन्ही बाजूंना समुद्र. ती ओलांडायला ‘नीफाइट माणसाला दीड दिवस’. सिडॉन नावाची नदी, तिच्या काठी झाराहेम्ला हे मुख्य शहर, आणि नदीचा उगम दक्षिणेच्या डोंगराळ रानात, म्हणजे ती वाहते उत्तरेला. वर्णन एकमेकांशी बऱ्यापैकी जुळतं, हे मी मोकळेपणाने कबूल करतो. कागदावर कच्चा नकाशा काढता येतो. मी काढला. मुलगी म्हणाली, बाबा, इथे तरी नको.

पण कच्चा नकाशा आणि जमीन यांच्यात एक ओढा असतो. तो माझ्या नोकरीच्या चौथ्या वर्षी मला दिसला. तालुका सांगत नाही, कोकणातला होता एवढं पुरे. दोन चुलतभावांचा वाद. खरेदीखत आजोबांच्या काळचं. ‘वरच्या अंगास ओहोळ, खालच्या अंगास पाणंद, एका बाजूस सुरंगीचे झाड.’ मी घाटावरचा पोरगा. वर म्हणजे उत्तर, असं शाळेच्या भिंतीवरचा नकाशा सांगतो. तसं मोजणीचं टेबल लावलं, काम उरकलं. आकृती अशी चपखल बसली की मीच खूश! ओहोळ होता, पाणंद होती, सुरंगी तर फुललेली होती. फक्त ती जमीन तिसऱ्याचीच निघाली. त्याने आरडाओरडा केला तेव्हा एक आजी काठी टेकत आल्या नि म्हणाल्या, “अरे, वर म्हणजे घाटाकडे. खाली म्हणजे दर्याकडे. शाळेत काय शिकवतात तुमका?” नकाशा पाव वळसा फिरवला आणि तो पुन्हा बसला, दुसऱ्याच ठिकाणी, तितकाच चपखल. कोकणात ओहोळ, पाणंद आणि सुरंगी कुठे नसतात? शेवटी आजींनी गवतात काठी खुपसून पुरलेला हद्दीचा दगड दाखवला, त्यावरून दुसरा सापडला, आणि प्रकरण मिटलं. माझ्या गोपनीय अहवालात मात्र ‘दिशांचे ज्ञान अपुरे’ असा शेरा पडला. साहेब स्वतः जीपमधून उतरले नव्हते, पण ते असो. नको, असो कशाला? बत्तीस वर्षं झाली, अजून डोक्यातून जात नाही.

मुद्दा असा. वर्णन कितीही बारकाईचं असो, जमिनीवर निदान दोन ठाम दगड नसतील तर नकाशा सरकवता येतो, फिरवता येतो आणि ताणताही येतो. एक दगड मिळाला तर सरकणं थांबतं. दुसरा मिळाला की फिरणं आणि ताणणं थांबतं. आज मला एवढंच सांगायचंय. बाकी सगळा मसाला.

मसाल्यातला उत्तम भाग अरबस्तानातला आहे, कारण तिथे एक दगड ठाम आहे, जेरुसलेम. तिथून तांबडा समुद्र, मग आग्नेयेकडे प्रवास, मग ‘नाहोम म्हणत असत’ अशी एक जागा, जिथे एका माणसाला पुरलं, आणि तिथून जवळजवळ सरळ पूर्वेला. येमेनमध्ये राजधानी सना शहराच्या ईशान्येला निह्म नावाच्या जमातीचा मुलूख आहे. तिथल्याच मारिबच्या देवळात जर्मन उत्खननात सापडलेल्या वेदीवर याच जमातीच्या माणसाचं नाव कोरलंय, इसवी सनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकाच्या आसपासचं. श्रद्धावंतांचा हा सर्वांत भक्कम पुरावा. मी तो हसण्यावारी नेत नाही. पण दगडावर जमातीचं नाव आहे, लीहायचं नाही. लिपीत स्वर नाहीत, नुसती न-ह-म व्यंजनं. आणि हे नाव १८३० च्या आधी युरोपात छापलेलं होतं, कार्स्टन नीबुरच्या १७७२ च्या ग्रंथातल्या नकाशात.

नीबुर म्हणजे आपलाच माणूस, थांबा, सांगतो. डेन्मार्कच्या राजाने १७६१ मध्ये अरबस्तानात मोहीम पाठवली, त्यातला हा मोजणीदार. माझा व्यवसायबंधू! एकेक करून सगळे साथीदार तापाने गेले. दोघे येमेनमध्ये, चित्रकार आणि नोकर मुंबईच्या वाटेवर समुद्रात, डॉक्टर मुंबईत. उरला एकटा नीबुर. १७६३-६४ मध्ये तो मुंबईत राहिला आणि घारापुरीला जाऊन लेण्यांची मापं घेतली, चित्रं काढली. येमेनच्या नकाशात ‘नेह्म’ लिहिणारा आणि घारापुरीचे खांब मोजणारा हात एकच. न्यूयॉर्कच्या त्या शेतकऱ्याच्या मुलाने, म्हणजे जोसेफ स्मिथने, हा नकाशा पाहिला होता असा पुरावा नाही. पाहिला नव्हता हे तरी कसं सिद्ध करणार?

आणि तिथून पूर्वेला गेलं की ओमानचा धोफार किनारा. सगळं अरबस्तान रखरखीत आणि हा किनारा पावसाळ्यात हिरवागार, कारण आपलाच नैऋत्य मोसमी वारा त्याला चाटून जातो. तिथे त्या हंगामाला ‘खरीफ’ म्हणतात. सातबाऱ्यावरच्या पिकांच्या रकान्यात आपण खरीप लिहितो ना, शब्द तोच. ग्रंथातलं फळांनी भरलेलं ‘बाउंटिफुल’, म्हणजे जहाज बांधलं ती जागा, धोफारमधल्या एखाद्या खोऱ्यात दाखवतात, ते...

(घंटा.)

झाली पहिली घंटा. दहा मिनिटं? सात? बरं. अमेरिका सात मिनिटांत.

पहिलं मत, अख्खं खंड. मॉर्मन चर्चचे एक पुढारी ऑर्सन प्रॅट यांनी ग्रंथाच्या १८७९ च्या आवृत्तीत तळटिपा घातल्या. लीहाय उतरला चिलीत, सिडॉन म्हणजे कोलंबियाची मॅग्डालेना नदी, कुमोरा न्यूयॉर्कची. मान मग पनामाचीच, दीड दिवसात होण्याजोगी. पण ग्रंथातली सैन्यं पायी जातात, आठवड्या-दोन आठवड्यांत पोहोचतात. झाराहेम्लाहून कुमोरापर्यंत हजारो किलोमीटर, कसं जमायचं? १९२० च्या आवृत्तीत या टिपा काढून टाकल्या.

दुसरं मत, मध्य अमेरिका. मॉर्मन अभ्यासक जॉन सोरेन्सन, १९८५. मान म्हणजे मेक्सिकोतल्या तेवांतेपेकची, सिडॉन म्हणजे ग्रिहाल्वा नदी. इथे लिपी होती, शहरं होती. म्हणून श्रद्धावंत अभ्यासकांचा कल इकडे. पण तेवांतेपेक जवळजवळ दोनशे किलोमीटर. दीड दिवसात? एसटीने म्हणत असाल तर ठीक. शिवाय तिथे समुद्र उत्तर-दक्षिणेला आहेत, म्हणून सोरेन्सन ‘नीफाइटांची उत्तर’ साठ-सत्तर अंशांनी फिरवतात. कोकणातल्या त्या आजी आठवल्या आणि मी सोरेन्सनना एकदम खोटं म्हणालो नाही. लोकांची दिशा जमिनीवरून ठरते, हे मी शेरा खाऊन शिकलोय. पण आजींकडे दगड होता! सोरेन्सनकडे फिरवायला नकाशा आहे, टेकवायला काही नाही. त्यातून कुमोरा दोन झाल्या, एक व्हेराक्रूझमध्ये लढाईची आणि दुसरी न्यूयॉर्कमध्ये पत्र्यांची. तिसऱ्याच्या जमिनीत आकृती बसवणारा मीही असाच होतो.

थॉमस फर्ग्युसनची गोष्ट इथेच सांगायला हवी. वकील, श्रद्धावंत. १९५२ मध्ये संशोधन संस्था काढली, मेक्सिकोतल्या चियापासमध्ये उत्खननं झाली, पुरातत्त्वाचं काम उत्तम झालं. पुढे सत्तरच्या दशकात तो स्वतःच या निष्कर्षाला आला की हा भूगोल कुठेच बसत नाही. शेवटपर्यंत चर्च सोडलं नाही म्हणतात. या माणसावर वेगळं व्याख्यान देईन, बोलावलंत तर.

तिसरं मत, अमेरिकन संयुक्त संस्थानांचा मध्यभाग. मिसिसिपी म्हणजे सिडॉन, तिथल्या प्राचीन होपवेल संस्कृतीचे मातीचे ढिगारे म्हणजे नीफाइटांची कामं. कुमोरा एकच राहते, हा फायदा. अडचण, मिसिसिपी दक्षिणेला वाहते. मग ‘उगम’ या शब्दाचा अर्थ ‘संगम’ करतात. नदी उलटी वाहवण्यापेक्षा शब्द उलटा करणं सोपं.

गंमत अशी की १८४१ मध्ये जोसेफ स्मिथच्या नावच्या प्रकटीकरणात आयोवातल्या गावाला झाराहेम्ला नाव दिलं, आणि १८४२ च्या ऑक्टोबरात, तोच संपादक असलेल्या नियतकालिकात, ग्वातेमालाच्या किरिग्वाचे अवशेष झाराहेम्लाचे असावेत असं छापून आलं. मूळ माणसाच्याच दप्तरात दोन झाराहेम्ला! मोजणीदाराने काय करायचं?

चौथं मत, घाईत. राल्फ ओल्सन यांनी २००४ मध्ये सगळं मलाया द्वीपकल्पात नेलं. हसू नका. तिथली क्रा नावाची मान चव्वेचाळीस किलोमीटर, दीड दिवस बरोबर. ग्रंथात हत्ती आहेत, घोडे आहेत, लोखंड-पोलाद आहे, आणि अमेरिकेत घोडा स्पॅनिशांनी परत आणला, दहा हजार वर्षांच्या खंडानंतर. मलायात या गोष्टींची अडचणच नाही. अडचण एवढीच, की चर्च म्हणतं घटना प्राचीन अमेरिकेतच घडल्या. २०१९ च्या निवेदनात त्यापलीकडे कुठलीच जागा त्यांनी मान्य केलेली नाही. मला ती भूमिका प्रामाणिक वाटली. जनुकांचा पुरावा तर मूळ अमेरिकन लोकांना सायबेरियाकडे नेतो. ग्रंथाच्या प्रस्तावनेत लामनाइट हे या लोकांचे ‘प्रमुख पूर्वज’ असं होतं, त्याचं ‘पूर्वजांपैकी’ झालं, ते २००६ मध्ये.

(दुसरी घंटा.)

हो, हो. कुणीतरी विचारलं, तुम्हाला कुठलं पटतं? माझ्या खात्याच्या भाषेत, हद्द कायम करता येत नाही. मोजणी नकाशाची ‘क’ प्रत मिळणार नाही. अर्ज फेटाळला असंही मी म्हणत नाही, दगड आणा, मोजतो. आपल्याकडेही इंदूरचे सरदार किबे रावणाची लंका अमरकंटकाजवळ दाखवायचे. त्यांच्या बाजूनेही दोन शब्द मला बोलायचे होते, पण अध्यक्ष उठले.

नीबुरच्या नकाशाची प्रत आणि माझा कच्चा नकाशा दाराजवळच्या टेबलावर ठेवलाय. बघा जरूर. चहाची बशी तेवढी येमेनवर ठेवू नका, गेल्या वेळी सनापर्यंत डाग गेला होता.