झाडांसारखी दिसणारी माणसं

सलाम. पाळकसाहेबांनी विषय देताना सांगितलं, "विश्वासाची मूलतत्त्वं घ्या, सोपं आहे." मी हो म्हणून बसलो आणि आठवडाभर कागद कोराच राहिला. मूलतत्त्वं आपल्याला तोंडपाठ आहेत, हीच तर पंचाईत. दृढीकरणाच्या, म्हणजे मंडळीत पूर्ण सभासद होण्याआधीच्या, वर्गात विश्वासाची प्रश्नोत्तरी घोकलेली, दहा आज्ञा घडाघडा, प्रभूची प्रार्थना तर झोपेतसुद्धा म्हणू. आणि जे तोंडपाठ असतं ते माणूस वाचत नाही. तेव्हा तत्त्वांची यादी आज मिळणार नाही. बायबलातल्या मार्काच्या शुभवर्तमानाचा आठवा अध्याय काढा, ओवी २२ ते २६. मोबाईलवाल्यांनीही काढा, फक्त मेसेज बघत बसू नका.

बेथसैदा गाव. लोक एका आंधळ्याला घेऊन येतात. येशू त्याचा हात धरून त्याला गावाबाहेर नेतो. डोळ्यांना थुंकी लावतो, हात ठेवतो आणि विचारतो, काही दिसतं का? चार शुभवर्तमानांत बरं करण्याच्या इतक्या गोष्टी आहेत, पण बरं करून झाल्यावर येशू असं विचारतोय, हे इथंच. आणि तो माणूसही खोटं बोलत नाही. म्हणतो, माणसं दिसतात खरी, पण झाडांसारखी दिसतात, चालणारी झाडं. मग येशू दुसऱ्यांदा हात ठेवतो, तेव्हा त्याला लख्ख दिसू लागतं. मत्तय आणि लूक यांनी ही गोष्ट घेतलेलीच नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही. पण एकदा हात ठेवून भागलं नाही, दुसऱ्यांदा ठेवावा लागला, हे वाचून कुणीही क्षणभर अडखळेल.

माझी आजी मराठी चौथी शिकलेली. दिवेलागणीला मोठ्यानं वाचायची, ओळीखाली बोट. मोतीबिंदू पिकला तसं वाचन माझ्याकडे आलं. दारात कुणी उभं राहिलं की ती आतून विचारायची, "माणूस आहे का चिंच?" अंगणात चिंचेचं झाड होतं. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, पट्टी निघाली, आणि घरी आल्यावर तिनं मला हीच गोष्ट वाचायला लावली. वाचून होताच म्हणाली, "इतकी वर्षं वाचत होते, पण तो काय म्हणाला ते आत्ता कळलं. आणि माझा अजून दुसरा डोळा राहिलाय."

आता जरा मागं जाऊ, ओवी १४ पासून. शिष्य नावेत आहेत, भाकरी घ्यायला विसरलेत, नावेत एकच भाकर. त्यावरून त्यांची कुजबुज सुरू. येशू विचारतो, डोळे असून दिसत नाही का? पाच हजारांना जेवू घातलं तेव्हा उरलेल्या तुकड्यांच्या किती टोपल्या उचलल्या? बारा. चार हजारांच्या वेळी? सात. उत्तरं बिनचूक! तोंडी परीक्षेत पैकीच्या पैकी. आणि तरी येशूचा पुढचा प्रश्न, अजून तुमच्या लक्षात येत नाही का?

यानंतर लगेच आंधळ्याची गोष्ट. आणि तिच्यानंतर लगेच शिष्यांपैकी पेत्र, फिलिप्पाच्या कैसरियाकडे जाताना, तो सुप्रसिद्ध कबुलीजबाब देतो: तू ख्रिस्त आहेस, म्हणजे ज्याची वाट पाहत होतो तो देवाचा अभिषिक्त राजा. हे वचन आपण पाठ करून घेतो आणि तिथंच थांबतो. पण अजून दोन-तीन ओव्याच पुढं जा. आपल्याला दुःख सोसावं लागेल, जिवे मारलं जाईल, असं येशू सांगू लागतो, तर हाच पेत्र त्याला बाजूला घेऊन दटावतो. ख्रिस्त हा शब्द बरोबर, पण डोळ्यांपुढं चित्र भलत्याच कुणाचं. पेत्राला दिसत होतं, पण झाडांसारखं.

ओव्यांचे आकडे मुळात नव्हतेच, हेही सांगून ठेवतो. अध्याय पाडले तेराव्या शतकात, आणि नव्या कराराला आजचे ओव्यांचे आकडे लागले ते १५५१ मध्ये, पॅरिसहून जिनिव्हाला गेलेल्या एका छापखानदाराच्या आवृत्तीत. सोय मोठी झाली. पण एकेक ओवी उचलून कॅलेंडरवर छापायचीही सोय झाली. "तुमच्या हिताचे संकल्प" हे यिर्मया संदेष्ट्याचं वचन किती घरांत भिंतीवर आहे! त्याच्या वरची ओवी कुणी लावत नाही. तिथं सत्तर वर्षं लिहिली आहेत. बाबेलात धरून नेलेल्या यहूद्यांना पाठवलेलं ते पत्र, आणि ऐकणाऱ्या म्हाताऱ्यांपैकी कुणीही परत जाणार नव्हतं. घरं बांधा, मळे लावा, ज्या शहरात नेलंय त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, असं त्याच पत्रात आहे. आशा तीही आहे, पण भिंतीवरच्यापेक्षा खूप वेगळी.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण मला इथं टाळता येत नाही. संस्कृतातल्या ज्ञानासाठी १८७८ मध्ये कलकत्त्यात ज्यांना पंडिता आणि सरस्वती म्हटलं गेलं, त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला झाला. आणि त्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आपल्याला काय उमगलं ते त्यांनीच लिहून ठेवलंय. ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असा त्याचा आशय. एवढ्या विदुषीला हे कबूल करायला लाज वाटली नाही. पुढं त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अख्खं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, मराठीत आणायला बसल्या. साध्या खेडवळ बाईला वाचून कळावं म्हणून जड संस्कृत शब्द त्यांनी वेचून बाहेर काढले, संस्कृत स्वतःच्या जिभेवर असताना! छपाईचं काम तिथल्याच बायकामुलींनी केलं. १९२२ मध्ये रमाबाई गेल्या, ग्रंथ १९२४ मध्ये निघाला. आपण त्यांच्या फोटोला हार घालतो, हे भाषांतर मात्र कपाटात असतं. असो.

मार्काकडे परत येऊ. आठव्या अध्यायापासून दहाव्यापर्यंत येशू तीनदा आपल्या मरणाविषयी सांगतो आणि तिन्ही वेळा शिष्य काहीतरी विसंगत करतात. पहिल्यांदा पेत्राचं दटावणं. दुसऱ्यांदा, आपल्यात मोठा कोण यावरून वाद. तिसऱ्यांदा याकोब आणि योहान येतात, येशू विचारतो, मी तुमच्यासाठी काय करावं? ते म्हणतात, तुझ्या गौरवात एकाला उजवीकडं बसव, एकाला डावीकडं. मंडळीच्या कमिटीची निवडणूक ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळं समजावायला नको.

आणि लगेच यरीहोच्या वाटेवर दुसरा आंधळा, बार्तीमय. लोक त्याला गप्प करतात, तो जास्तच ओरडतो. येशू त्याला बोलावतो, तो अंगावरचं वस्त्र टाकून उठतो. येशू त्यालाही तोच प्रश्न विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं? घरी गेल्यावर १०:३६ आणि १०:५१ शेजारी ठेवून बघा. ज्यांना दिसत होतं त्यांनी जागा मागितल्या. ज्याला दिसत नव्हतं त्यानं डोळे मागितले. त्याला दृष्टी आली, आणि तो वाटेनं येशूच्या मागं चालू लागला.

ती वाट यरुशलेमची. अकराव्या अध्यायात गाढवाचं शिंगरू येतं, ते झावळ्यांच्या रविवारी, येशूच्या यरुशलेम-प्रवेशाच्या सणाला, घेऊ. तोवर मार्काचे सोळाही अध्याय एका बैठकीत, मोठ्यानं वाचा. दोन तासांच्या आत होतात, मी घड्याळ लावून पाहिलंय.