मुरूम, चेहरा आणि थोडा धीर

श्रोतेहो, नमस्कार. आज मला बोलायचंय ते चेहऱ्यावरच्या मुरमांबद्दल. आणि मुख्यतः त्या घरांशी, जिथे चौदा-पंधरा वर्षांचं मूल हल्ली आरशासमोर जरा जास्तच वेळ उभं असतं आणि कुणी आलं की आतल्या खोलीत जातं.

या मुलांना काय ऐकावं लागतं, ते तुम्हाला माहीत आहे. "तोंड नीट धूत जा." "वडापाव कमी खा." लग्नाकार्यात एखादी मावशी सगळ्यांसमोर विचारते, "अगं, काय गं हे तोंडावर?" विचारण्यात माया असते, मला ठाऊक आहे. पण त्या मुलीला वाटतं, हा आपलाच काहीतरी गुन्हा आहे. तो गुन्हा नाही. १२ ते २४ या वयातल्या साधारण ८५ टक्के मुलामुलींना कमीअधिक प्रमाणात मुरूम येतात.

होतं काय, ते सांगतो. आपल्या त्वचेत केसांच्या मुळाशी तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. वयात येताना शरीरात अँड्रोजेन नावाची संप्रेरकं वाढतात, मुलांमध्ये आणि मुलींमध्येही, आणि या ग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. त्याच वेळी छिद्राच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून बसतात. वाट बंद होते, तेल आत साचतं, त्वचेवर एरवीही राहणारे जिवाणू त्यात वाढतात आणि दाह सुरू होतो. मग ती लाल, ठणकणारी पुटकुळी दिसते. नाकावरचे काळे ठिपके म्हणजे मळ नव्हे. छिद्र उघडं राहिलं की त्यातलं मेलॅनिन, म्हणजे त्वचेचं रंगद्रव्य, हवेशी संबंध येऊन काळं पडतं. त्यामुळे दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉशने तोंड धुतलं की पुरे. घासून घासून धुतल्याने त्वचा चिडते आणि मुरूम वाढतात.

खाण्याचं म्हणाल, तर तळलेल्या पदार्थांवर सगळा दोष टाकायला पुरावा नाही. गोड पदार्थ, मैदा, साखरेची पेयं आणि काही जणांच्या बाबतीत दूध यांचा संबंध दिसतो, तो लक्षात ठेवा. कपाळावर, केसांच्या कडेला बारीक पुटकुळ्या येत असतील, तर डोक्याला चोपडलेलं तेल आधी कमी करून पाहा. पुण्यात दुचाकीवरून जाताना आपण तोंडाला स्कार्फ गुंडाळतो. घामाने ओला झालेला तोच स्कार्फ आठवडाभर घासत राहिला तर हनुवटीला त्रास होतो. रोज धुतलेला वापरा, हेल्मेटचा पट्टाही पुसत जा.

आता मला ज्याची खरी काळजी वाटते, ते सांगतो. औषधाच्या दुकानात जाऊन "पिंपल्सवर काहीतरी द्या" म्हटलं की कधीकधी हातात एक ट्यूब पडते. मैत्रिणीने सुचवलेलीही असते, "गोरी होशील" असंही सांगितलेलं असतं. अशा ट्यूबमध्ये बेटामेथासोन किंवा क्लोबेटासॉल असू शकतं. ही स्टिरॉइडं आहेत. चार दिवस चेहरा छान दिसतो. मग त्वचा पातळ होते, उन्हात लाल पडते, आग होते, नको तिथे लव वाढते आणि मुरूम पहिल्यापेक्षा जास्त येतात. ट्यूब बंद केली की सगळं उफाळतं, म्हणून पुन्हा तीच लावली जाते. २०१८ साली केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम केला. तरीही घरातल्या ट्यूबवरची बारीक अक्षरं एकदा वाचा. लिंबू, टूथपेस्ट, खायचा सोडा हेही चेहऱ्यावर नकोत.

उपचार आहेत आणि चांगले आहेत. सौम्य मुरमांना बेन्झॉइल पेरॉक्साइड किंवा रात्री लावायचं अ‍ॅडापॅलीन दिलं जातं. अ‍ॅडापॅलीन पूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढं बास. सुरुवातीला त्वचा कोरडी पडते, सालं निघतात, त्याने घाबरून औषध सोडू नका. बेन्झॉइल पेरॉक्साइडने उशीचा अभ्रा पांढरा पडतो, एवढं आईला आधी सांगा. परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात. आठवड्याला डॉक्टर बदलणाऱ्यांना गुण येत नाही तो यामुळेच. अँटिबायोटिक एकटं आणि महिनोनमहिने घेत राहू नये.

मुरूम फोडू मात्र नका. दाबलं की आतली भिंत फुटते, दाह खोलवर जातो आणि खड्डा राहतो. आपल्या सावळ्या कातडीवर काळे डाग कित्येक महिने टिकतात, म्हणून सनस्क्रीन लावा.

खोल, दुखऱ्या गाठी असतील, व्रण पडू लागले असतील, किंवा मूल शाळा-क्लासला जायचं टाळत असेल, तर थांबू नका. मुलीची पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर पीसीओएसची, म्हणजे अंडाशय आणि संप्रेरकांशी संबंधित बिघाडाची, तपासणी करून घ्या. गंभीर मुरमांवर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या फार प्रभावी आहेत, पण गर्भावर त्यांचा गंभीर परिणाम होतो, त्यामुळे त्या डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायच्या.

खाजगी दवाखाना परवडत नसेल तर पुण्यातल्या ससून या सरकारी रुग्णालयात त्वचारोगांचा बाह्यरुग्ण विभाग आहे. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्या झालेल्याही, पिशवीत घालून न्या आणि डॉक्टरांसमोर ठेवा. आणि डॉक्टर मुलाला प्रश्न विचारतील, तेव्हा उत्तर त्यालाच देऊ द्या.